मशीन बंद, पाय चालू

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मशीनचा प्लग मी स्वतः भिंतीतून काढला होता, वायर गुंडाळून हातात धरली होती, आणि तरीही रामटेकेंची उजवी मांडी हलत होती.

अख्खा पाय नव्हे. गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला, कातडीखाली काहीतरी सरकत होतं. गढूळ पाण्यात मासा वळला की वर नुसती लाट दिसते, तसं. थांबायचं, मग दोन बोटं बाजूला पुन्हा सुरू. पॅड काढून झाले होते. मांडीवर जेलचे चौकोनी ओले डाग तेवढे राहिले होते. आणि हलणारी जागा त्या डागांच्या बाहेर होती.

"पाहून राहिले ना, डॉक्टर?" रामटेके म्हणाले. "घरी बी असंच होते."

ते हसत होते. मीही हसलो. मग शीटवर तक्रारीच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इकडे आम्हालाही सगळे डॉक्टरच म्हणतात. भिलाईतल्या एका खासगी हॉस्पिटलात हृदयरोग्यांसाठी रिहॅब युनिट आहे, तिथे मी काम करतो. आमच्याकडे येणारे बहुतेक हार्ट फेल्युअरचे. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. पंप चालू असतो, जोर कमी झालेला असतो. अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, चार पायऱ्यांत दम लागतो. माणूस बसून राहतो. बसून राहिला की मांडीचे स्नायू झिजतात, आणि मग चालणं आणखी जड जातं. यातून बाहेर पडायला व्यायाम हवा, आणि व्यायाम करायला अंगात ताकद नसते.

तिथे आमचं मशीन कामाला येतं. मांडीवर पॅड चिकटवायचे आणि हलका करंट सोडायचा. स्नायू आपोआप आवळतो, काही सेकंदांनी सुटतो, परत आवळतो. आधी अर्धा तास हे, मग सायकल, मग कॉरिडॉरमध्ये चालणं. व्यायामाऐवजी नाही, व्यायामाच्या जोडीला. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलाय त्यांना सरांना विचारल्याशिवाय आम्ही पॅड लावत नाही. सर म्हणजे आमचे हृदयरोगतज्ज्ञ.

पहिल्यांदा बघणाऱ्याला ते बरं वाटत नाही. माणूस वर गप्पा मारत असतो आणि खाली त्याचा पाय त्याला न विचारता आवळत असतो. काही बायका तोंड फिरवतात. एक आजोबा तर माझ्याशी बोलायचं सोडून पायाशी बोलायचे, "बस कर बाबू, थक गया होगा." मला याचं काही वाटेनासं झालं होतं.

देवाजी रामटेके स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून आले आणि इथेच राहिले, माझ्या वडिलांसारखे. हृदय अधू झाल्यापासून त्यांना लाईट ड्युटी दिली होती, म्हणजे रिपेअर शॉपमध्ये टेबलाशी बसून करायचं काम. रिटायरमेंटला जेमतेम दीड महिना उरला होता. घर भिलाईलगतच्या कुरुदला बांधलेलं. बायको सुमन रोज त्यांना स्कूटीवर मागे बसवून आणायची. मी तिला वहिनी म्हणायचो. युनिटमध्ये सगळा कारभार हिंदीत. मी मराठी बोलतो हे कळलं तेव्हा दोघंही खुर्ची ओढून जवळ बसले.

"डॉक्टर, मले पाऊण किलोमीटर पाहिजे," रामटेके पहिल्याच दिवशी म्हणाले.

"कायचं पाऊण किलोमीटर?"

"शॉप ते गेट."

त्यांच्या खात्यात रिवाज आहे. शेवटच्या दिवशी शिफ्ट सुटली की रिटायर होणाऱ्याला हार घालतात आणि सगळे जण ढोल वाजवत त्याला शॉपपासून गेटपर्यंत चालवत नेतात. तो पुढे, बाकीचे मागे.

"मांगल्या साली एकाले ॲम्ब्युलन्समधून नेलं," ते म्हणाले. "गळ्यात हार अन् माणूस स्ट्रेचरवर. समोर पोट्टे नाचून राहिले. मले समजेच ना, बिदाई हाय का मयत. मले तसं नाई जायचं."

"यायले गाडीत बसाची लाज वाटते," वहिनी म्हणाली. "माह्या स्कूटीवर मांगं बसून येतात, तवा नाई वाटत."

"तुह्या मांगं बसाले हिंमत लागते. थे लाज वाटाचं काम नोहे."

मशीन त्यांना फार आवडलं. पेशंट पॅडकडे बघतो, हे डायलकडे बघायचे. करंट किती, किती सेकंद चालू, किती सेकंद बंद, सगळं विचारायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक गोष्ट पकडली. डावी मांडी चांगली आवळत होती, उजवी नुसती थरथरत होती.

"इकडं कावून कमी?"

उजव्या पायावर सूज जास्त होती. मी म्हणालो, "कातडी अन् स्नायूच्या मधात पाणी हाय ना भाऊ. करंट त्या पाण्यातच पसरून जाते. आत पोचून नाही राहिला."

"म्हणजे लिकेज."

"तसंच समजा."

हे वाक्य मी शंभर पेशंटना सांगितलं असेल. सोपं आहे, बरोबर आहे. पण इलेक्ट्रिशियनला लिकेज सांगितलं की तो ते बंद करायला निघतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात उजवी मांडी पहिल्याच झटक्यात दगडासारखी आवळली. सूज ओसरली होती. नडगीचं हाड दिसत होतं.

"आज तर फर्स्ट क्लास, भाऊ!"

त्यांनी डोळा मारला. "लिकेज बंद केलं मी."

मी हसलो. कसं बंद केलं, ते विचारलं नाही.

हार्ट फेल्युअरच्या पेशंटला अंगातलं पाणी काढायची गोळी असते. लघवीवाटे पाणी जातं, सूज उतरते. पण पाण्याबरोबर रक्तातले क्षारही जातात, पोटॅशियम, मॅग्नेशियम. हे क्षार फार खाली गेले की स्नायू बिघडतात आणि हृदय हाही स्नायूच आहे. म्हणून गोळी किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतो, आणि म्हणूनच आम्ही दर वेळी पेशंटचं वजन करतो. शीटच्या तळाशी छापलेलंच आहे, चार-पाच दिवसांत दोन किलो वाढलं किंवा घटलं तर डॉक्टरांना कळवा.

रामटेकेंचं तीन किलो घटलं होतं. आकडा मीच लिहिला होता. सूज उतरतेय, चांगलं आहे, असं मनाशी म्हणालो आणि पान उलटलं.

हे म्हणायला मला कारण होतं. त्याच आठवड्यात सर युनिटमध्ये आले होते. त्यांनी रामटेकेंचा ग्राफ बघितला. सहा मिनिटांत पेशंट किती चालतो ते आम्ही मोजतो, त्याचा ग्राफ. रेघ चढत होती.

"बढ़िया," सर म्हणाले. "मैनेजमेंट मीटिंग में यही दिखाएंगे. आपकी दूसरी मशीन पक्की समझिए."

"जी सर," मी म्हणालो. त्या दिवशी घरी जाताना मी मिठाई घेतली होती.

पायांबद्दल पहिल्यांदा सांगितलं ते वहिनीने. रामटेके सायकलवर होते. तिने मला दाराबाहेर बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, एक इचारू? हसान नाई ना?"

"विचारा ना, वहिनी."

"दुपारी जेवून झोपले का यायचे पाय चालू होतात. चादरीखाली. पहिले उजवा, मंग डावा. मी हात ठेवून पाह्यला. आतून कोनी ढकलून राहिल्यावाणी लागते. माणूस झोपेत, तोंड उघडं, अन् पाय कामावर निघाले."

"हाक नाही मारली?"

"मारली ना. थे जागे झाले. पाय नाई थांबले."

तिच्या हाताच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. सांगताना ती ती हालचाल करून दाखवत होती, नकळत, स्वतःच्याच पदरावर. माझ्या अंगावर काटा आला. तरी मी म्हणालो, "मशीनचा असर हाय. झोपलेले स्नायू जागे होऊन राहिले."

"तुमी म्हणता तं बरं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरंच सैल झाला.

मी जे सांगितलं त्याला काही आधार नव्हता. मला ते बरं वाटलं म्हणून सांगितलं.

त्यानंतर दोन दिवसांनी तो प्लग काढल्याचा प्रसंग झाला. हलणाऱ्या मांडीवर रामटेकेंनी स्वतःचा पंजा ठेवला आणि मला समजावून सांगायला लागले.

"मोटर बंद केली ना डॉक्टर, तरी कपॅसिटरमध्ये करंट राहते. आमी पहिले थे उतरवतो, मंगच हात लावतो. नाईतं झटका देते. माह्या पायाचं तसंच झालं. चार्ज पकडून राहिले."

माणसाच्या पायात करंट साठत नाही. स्विच बंद केला की तो संपतो. त्यानंतर तासा-दोन तासांनी, घरी, झोपेत, स्नायू आपोआप फडफडत असेल तर पहिली शंका क्षारांची घ्यायची. हे मी दरवर्षी युनिटमध्ये शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगतो. तेव्हाही मला ते आठवलं. मी पेन उचललं. आठवलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

रामटेकेंनी माझं मनगट धरलं. हात थंड होता.

"लिहू नका ना. लिहिलं का सर बंद करतीन. मंग ब्लड, मंग रिपोर्ट, आठ दिवस गेले. माह्यापाशी तेवीस दिवस हायेत."

"भाऊ, सांगावं तर लागेल."

"प्लांटात आमी काई सांगतो का? सांगतलं का मेडिकल, मेडिकल केलं का अनफिट. तुमचे बाबा बी प्लांटातलेच ना? इचारा त्यायले."

विचारायची गरज नव्हती. माझे वडील कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर होते. वर्षाच्या मेडिकलच्या दिवशी खोकला दाबायला सकाळी दोन चमचे औषध पिऊन जायचे. कंपनीच्या डॉक्टरला खोकला ऐकू गेला नाही की घरी येऊन ते आईला ती गंमत सांगायचे आणि आम्ही सगळे हसायचो. डॉक्टरपासून लपवणं ही आमच्या घरात हुशारी होती. मी त्याच घरातून शिकून डॉक्टरांच्या बाजूच्या खुर्चीवर आलो होतो, पण त्या क्षणी मी रामटेकेंच्या बाजूने विचार केला. आणि ग्राफही डोळ्यांसमोर होता. दोन्ही खरं आहे. यातलं एकच कारण सांगून मोकळं व्हायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमत नाही.

'नाही' लिहिलं. गोळी किती घेता, भाऊ, एवढं विचारायला पाच सेकंद लागले असते.

मग आम्ही चालायला गेलो. त्या दिवशी ते सगळ्यात जास्त चालले. सहा मिनिटं झाली, मी "थांबा" म्हणालो, ते थांबले. भिंतीला हात टेकवून खाली बघू लागले. पायजम्याचं कापड मांडीवर लहरत होतं. कॉरिडॉरमध्ये वारा नव्हता.

"डॉक्टर," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले नाहीत, "मी थांबलो. हे नाई थांबून राहिले."

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. पाच मिनिटांत शांत झालं. वहिनी स्कूटी घेऊन आली. जाताना त्यांनी हात वर केला. मी अंतर लिहिलं आणि ग्राफवर नवा ठिपका दिला.

चौथ्या दिवशी दुपारी कॅज्युअल्टीतून फोन आला. रामटेके नावाचा पेशंट आलाय, तुमचं कार्ड खिशात आहे. मी पोचलो तेव्हा छाती दाबणं चालू होतं. बराच वेळ चालू राहिलं. मग थांबलं.

वहिनी भिंतीशी उभी होती. मला बघून बोलायला लागली. विचारल्याशिवायच, एका सुरात.

"जेवले. झोपले. पाय चालू होते. मी जवळच बसली होती, भाजी निवडत. मंग पाय थांबले. दोन्ही. मले लय बरं वाटलं. म्हटलं, चला, आज थांबले बापा. अन् मी चहा ठेवाले गेली."

तिने किती वेळ चहा उकळला ते मी विचारलं नाही.

येताच घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट तासाभरात आला. पोटॅशियम खूप खाली, मॅग्नेशियम खाली. हृदयाची लय त्यातच बिघडली होती. सर खाली आले. रायपूरहून मुलगा पोचला होता. सरांनी रिपोर्ट वाचला आणि वहिनीला विचारलं, "पानी की गोली कौन देता था?"

"मी देत होती."

"कितनी?"

"दोन. पहिले एक होती. यायनं सांगतलं, दोन देत जा." तिने माझ्याकडे बोट नाही केलं, नुसतं बघितलं. "फिजिओवाल्या डॉक्टरनं यायले सांगतलं म्हणे."

सर माझ्याकडे वळले. "आपने बोला था?"

"नहीं, सर."

शब्दाला शब्द लावला तर ते खरं होतं. दोन गोळ्या घ्या असं मी कधीच म्हणालो नव्हतो. सरांनी माझी फाइल उघडली. तक्रार, नाही. तक्रार, नाही. सगळीकडे माझंच अक्षर. वजनावर त्यांची नजर गेली की नाही मला माहीत नाही. त्यांनी फाइल मिटली.

"मम्मी," मुलगा म्हणाला, "पर्ची पे एक लिखी है. दो क्यों दी?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. तिला वाटत होतं, मला काहीतरी आठवेल आणि मी सांगेन. मी फरशीकडे बघितलं.

मग सगळे बाहेर गेले आणि मी काही क्षण आत राहिलो. मॉनिटर बंद केला होता. चादर छातीपर्यंत ओढलेली. उजव्या मांडीवर चादर हलल्यासारखी मला वाटली. एकदा, मग दोन बोटं बाजूला पुन्हा. मी नर्सला हाक मारली.

"एसी की हवा है, सर," ती म्हणाली.

असेल. मी हात ठेवून बघितलं नाही. ठेवायला हवा होता असं मला अजून वाटतं, आणि ठेवला नाही याचं बरंही वाटतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिफ्ट सुटली तेव्हा रिपेअर शॉपपासून गेटपर्यंत कोणी चाललं नाही. ग्राफ मात्र मीटिंगमध्ये दाखवला गेला. शेवटच्या ठिपक्यापर्यंतचा. रेघ वरच जात होती. या पेशंटचं पुढे काय झालं, असं कोणी विचारलं नाही, कारण ग्राफवर ते दिसत नव्हतं. दुसरं मशीन आलं. मीच ते खोक्यातून काढलं.

त्यानंतर मी शीटमध्ये दोन ओळी वाढवल्या. आज सकाळी कोणत्या गोळ्या घेतल्या आणि किती. मशीन बंद केल्यावर हालचाल आहे का. सर म्हणाले, "अच्छा सोचा आपने." आता मी मशीन बंद केलं की पंजा पेशंटच्या मांडीवर एक मिनिट ठेवतो. बहुतेकांना ती काळजी वाटते. काहींना आवडतही. आणि पेशंट जेव्हा डोळा मारून काही सांगतो, तेव्हा मी पेन खाली ठेवून, "म्हणजे काय केलं?" असं विचारतो. एवढंच शिकलो. फार उशिरा शिकलो.

वहिनी मला एकदाच दिसली. आमच्याच हॉस्पिटलच्या औषधाच्या काउंटरवर. तिला आता शुगर आहे. तळहातावर एक गोळी ठेवून ती काउंटरवरच्या पोराला विचारत होती, "एकच ना? एकच खायची ना?" पोराने हो म्हटलं. तिने शेजारच्या बाईला विचारलं. मग पुन्हा पोराला. तिची सून मागे उभी होती. मला ओळखत नव्हती, पण रांगेतल्यांना उद्देशून सहज म्हणाली, "पापा के टाइम मम्मी से गलती हो गई थी ना, तब से ऐसा ही है."

वहिनीने ते ऐकलं. मान हलवली. मग मला बघितलं.

"बरे हायेत ना, डॉक्टर?"

"हो, वहिनी," मी म्हणालो. आणि लिफ्टकडे गेलो.

हे छापून आलं तरी तिच्या घरी पोचणार नाही. त्या घरात मराठी आता तीच एकटी बोलते, आणि ती वाचत नाही. तेव्हा इथे लिहिलं म्हणजे सांगितलं असं मला म्हणता येणार नाही. मला कुरुदला जाऊन, तिच्या मुलासमोर आणि सुनेसमोर सांगायचं आहे की गोळी वाढवायचं कारण माझ्या तोंडून निघालं होतं, खुणा सगळ्या माझ्यासमोर होत्या, मी त्या लिहिल्या नाहीत, आणि तिची चूक नव्हती. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून गेलेलो नाही.